शनिवारी गप्प

फोन उघडायला अवीवने दुसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा केतनने त्याची करंगळी उलटी दाबून मोडली.

अवीव भिंतीला टेकून खाली बसला. मोडलेलं बोट त्याने पोटाशी धरलं. पनवेलच्या याच गल्लीत दोघं एका बॅटने क्रिकेट खेळले होते. आज अवीवच्या घरात शिरताच केतनने दाराला कडी घातली होती.

"नंबर सांग," केतन म्हणाला. खणातला फोन आता त्याच्या हातात होता. आकड्यांशिवाय तो उघडत नव्हता.

"तीन तारे दिसले की शनिवार संपतो. मग सांगतो."

"तवर तुजी सगली बोटा जातील."

"जाऊ देत. आईला शब्द दिलाय, शनिवारी फोनला हात लावणार नाही. नंबर सांगणं म्हणजे हात लावणंच."

बाकीचे सहा दिवस हा माणूस अंडाभुर्जी आणि बिअर सोडून कशालाच मानत नसे. शनिवारी मात्र त्याच्या अंगात बाराशे पूर्वज संचारायचे. केतनला हे लहानपणापासून ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो इथे आला होता.

घनवीर हा सिनेमातला नायक केतनचा पोटापाण्याचा देव. पडद्यावर बोलणारा, हसणारा घनवीर म्हणजे मुंबईचा एक देखणा नट. पण गच्चीवरून उडी टाकणारा, काचेतून आरपार जाणारा घनवीर म्हणजे केतन, त्याचा डुप्लिकेट. आता घनवीरची गोष्ट नव्याने, अगदी पहिल्यापासून बनत होती. खलनायक कोण होणार, धाकटा भाऊ जगणार का, शेवटी घनवीरच मरणार का, यावरून चाहते हमरीतुमरीवर आले होते. कर्नाळ्याच्या पायथ्याशी तर एकाचं डोकंही फुटलं होतं. आणि 'शेवटचा सीन' नावाचं एक निनावी खातं या सगळ्याची भाकितं करत होतं. खलनायकाचा नट त्याने बरोबर सांगितला. भावाचं मरण सांगितलं, तेही बरोबर.

गुरुवारी फाइट मास्टर महादेवने केतनला बाजूला घेतलं. "फुटतंय ते आपल्याच टोळीतून. सोमवारच्या उडीआधी नाव आण. नाहीतर मी तुझंच नाव देतो."

केतन जिभेचा पक्का. नाक्यावरच्या पोरांनी कितीही खोदलं तरी त्याने कधी बायकोपलीकडे एक अक्षर जाऊ दिलं नव्हतं. घरची मिठागरं आजोबांच्या वेळीच गेली होती. घनवीरही गेला तर त्याच्या हाती धुपाटणंच राहणार होतं.

मग तो खात्याच्या जुन्या पोस्ट चाळत बसला आणि त्याला एक गोष्ट सापडली. खातं शुक्रवारी दिवेलागणीला गप्प व्हायचं, ते शनिवारी दिवेलागणीनंतरच बोलायचं. एकही आठवडा चुकला नव्हता. परक्याला यातून काही कळलं नसतं. पनवेलच्या माणसाला लगेच कळतं. केतनचे आजोबा अवीवच्या लोकांना, इथल्या ज्यूंना, शनवार तेली म्हणायचे. घरात लग्न असो की मयत, शनिवारी त्यांचा घाणा फिरायचा नाही. पुढे घाणे गेले, माणसंही बरीचशी इस्रायलला गेली. अवीवची आई आणि बहीण शेरॉनही गेल्या. अवीव मागे राहिला आणि घरी बसून घनवीरच्या संवादांचं मराठी करू लागला. ते काम त्याला केतननेच मिळवून दिलं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजले याने, असं वाटून केतनचं डोकं फिरलं होतं.

म्हणून आज आठवड्याची सुट्टी संपवून, नेहमीसारखा दिवेलागणीला न निघता तो पाच वाजताच बॅग घेऊन घराबाहेर पडला आणि स्टुडिओऐवजी इकडे आला. बायकोला, समीक्षाला, यातलं काही सांगितलं नाही. ती आधीच रडवेली होती. काल, दर शुक्रवारसारखा, दिवेलागणीला तो घरी आल्यापासून ती त्याच्या उजव्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळत होती. गुडघ्याची वाटी सरकली होती.

"मास्तरला सांगा," ती म्हणाली होती.

"सांगला त दुसऱ्याला घेतील."

"घेऊ दे. मना घरात चालता मानूस पायजे."

"कोनाला बोललीस त माजी शपथ हाय."

"मी कोनाला बोलनार?" असं म्हणून तिने निघतानाही पुन्हा तेल लावलं होतं.

केतनने अवीवच्या बरगडीत लाथ मारली. डाव्या पायाने. अवीव कुशीवर पडला, तोंडातून रक्त आलं. मग केतनने त्याचं अंगठ्याजवळचं बोटही मोडलं. या वेळी अवीव किंचाळला, पण नंबर सांगितला नाही. त्या हट्टाने केतनची खात्रीच पटली. निरपराध माणूस इतकं कशाला सोसेल?

खिडकीबाहेर अंधारलं. अवीवने मान वळवून आभाळाकडे पाहिलं. एक, दोन, तीन. मग शांतपणे चार आकडे सांगितले.

फोनमध्ये आईचे मेसेज होते, संवादांच्या फाइली होत्या, क्रिकेटचा स्कोअर होता. खातं नव्हतं. केतनने दोनदा, तीनदा पाहिलं.

"झालं समाधान?" अवीव म्हणाला. "आता रिक्षा बोलाव. दवाखान्यात ने मला."

तेवढ्यात केतनच्या स्वतःच्या खिशातला फोन वाजला. 'शेवटचा सीन'ने नवी पोस्ट टाकली होती.

"सोमवारी घनवीर नव्वद फुटांवरून उडी मारतोय. तो मरणार की जगणार, तुम्ही भांडत बसा. पण जो माणूस खरी उडी मारणार आहे, त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी सरकली आहे आणि त्याने मास्तरपासून ते लपवलं आहे. कुणीतरी त्याला थांबवा."

केतनचा हात गुडघ्यावर गेला. पँटमधून तेल पाझरलं होतं.