डोक्यावरचा हात

साहिल आत आला तो थेट मधुकररावांच्या पायाशी वाकला. "सर, चुकलो."

मधुकररावांचा उजवा हात आपसूक उचलला गेला आणि त्याच्या डोक्यावर टेकला. निकालाच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात, बर्डीच्या भर बाजारात, जुना विद्यार्थी वाकला की हा हात असाच जायचा. त्याला विचारावं लागत नसे. पाठोपाठ तोंडातून शब्दही निघून गेले, "सुखी राहा, बेटा."



धरमपेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दंतवैद्यांच्या संघटनेची ही खोली. टेबलापलीकडे तक्रार ऐकायला बसलेले तिघे डॉक्टर. अलीकडे काजल, तिला चिकटून तिची सात वर्षांची वैभवी, आणि बाजूच्या खुर्चीवर मधुकरराव. तक्रार काजलची होती : डॉक्टर साहिलनं दात काढताना तिच्या लेकीच्या थोबाडीत मारली. पण त्या दिवशी काजल दुकानात कामावर होती. नंदनवनात तिच्या शेजारी राहणारे, आपल्या ओसरीवर गल्लीतल्या पोरांना फुकट शिकवणारे मधुकररावच वैभवीला दवाखान्यात घेऊन गेले होते. "माझा विद्यार्थी आहे तो, काळजी नको करू," असं छाती फुगवून सांगून. थप्पड पाहिली होती ती एकट्या त्यांनी. आज ते तेवढंच सांगायला आले होते.

"पोरीनं बोट चावलं, सर," साहिल उठत म्हणाला. "बाहेर पेशंटची लाइन लागलेली. हात उठून गेला. तुम्ही तर समोरच होते."

"आमचे मास्तर असते ना, तर आणखी दोन ठेवून दिल्या असत्या!" कडेला बसलेले जाडसर डॉक्टर म्हणाले. बाकीचे दोघे हसले. साहिलही हसला.

मधल्या खुर्चीवरच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चला, बरं झालं. ज्यांनी पाहिलं त्यांनीच माफ केलं. आता साक्ष काय घ्यायची? काय म्हणता, ताई?"

काजलनं मधुकररावांकडे पाहिलं.

आत्ताच बोलायला हवं होतं. मी माफ केलेलं नाही, एवढंच. पण साहिल अजून हात जोडून उभा होता. आशीर्वाद दिलेल्या तोंडानं लगेच त्याच्याविरुद्ध काय बोलायचं? मधुकरराव टेबलाच्या काचेकडे बघत राहिले.

"सर, तुम्ही काहीच नाही बोलून राहिले," काजल हळूच म्हणाली.

"पोरगा वाईट नाही गं," ते म्हणाले. आपण हे का म्हणालो, ते त्यांनाच कळलं नाही.

काजलनं पर्स उचलली. "सरायनंच माफ केलं तं मी काय बोलू? माही तक्रार वापस घेते मी."

अध्यक्षांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. काजल थांबली नाही.

जिन्यात ती भराभरा पुढे गेली. वैभवी मात्र मधुकररावांसाठी रेंगाळली आणि रोजच्यासारखा तिनं त्यांचा उजवा हात धरला. धरला आणि लगेच सोडून दिला. "शी, चिपचिप करून राहिला!"

साहिलच्या केसांना लावलेलं काहीतरी तळहाताला लागलं होतं. मधुकररावांनी डावा हात पुढे केला. दोघं पहिल्या मजल्यापर्यंत उतरली. तिथे वैभवी थांबली.

"आजोबा, डॉक्टरनं तुमालेबी मारलं होतं?"

"नाही बेटा. मला कशाला मारेल तो?"

"मंग तुमाले काहून सॉरी म्हटलं त्यानं?"

पोरांच्या प्रश्नाला मधुकररावांनी कधी बगल दिली नव्हती. चंद्र आपल्यासोबत का चालतो, मुंगीला झोप येते का, कुणी काहीही विचारो, ते उकिडवे बसायचे आणि पोराच्या डोळ्याला डोळा लावून समजावून सांगायचे. आता त्यांना गुडघेही वाकवता येईनात. वैभवी तोंड वर करून वाट बघत होती. ज्या गालावर थप्पड बसली होती, तोच गाल त्यांच्याकडे होता.

खाली रस्त्यावर काजल आटोवाल्याशी बोलत होती. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मधुकररावांनी तळहात पँटला पुसला. पुन्हा पुसला.

"वैभवी, आईजवळ जा. तिला म्हणावं, आटो थांबव, सर येऊन राहिले."

"तुम्ही कुठं चालले?"

ते कठडा धरून पुन्हा वर चढू लागले होते.

वर चहा आला होता. कुणाच्या तरी शाळेतल्या मास्तरांची नक्कल चालली होती आणि खोली हसत होती. "अरे, या सर, या!" अध्यक्ष खुर्ची सरकवत म्हणाले. "चहा न घेताच गेले तुम्ही."

"चहा नको," मधुकरराव दारातच उभे राहिले. "मी जे पाहिलं ते मला लिहून द्यायचं आहे. काजलची नाही, ही माझी तक्रार. एक कोरा कागद द्या."

हसणं थांबलं. साहिलनं कप खाली ठेवला. "सर..." म्हणत तो घाईनं पुढे आला आणि पुन्हा त्यांच्या पायाशी वाकला.

मधुकररावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले, छडी चुकवणाऱ्या पोरासारखे.