अकरा पाठवण्या

बंकटने हात आधी डिझेलने धुतले, मग साबणाने धुतले, स्वच्छ फडक्याला पुसले आणि तेव्हाच कुठे लोखंडी पेटी उघडली. मांजरसुंब्याच्या चौकातल्या त्या पंक्चरच्या दुकानात काळ्या बोटांचे डाग नसलेली ती एकच वस्तू होती. पेटीत घाटनांदूरच्या रेणुका ब्रास बँडची एकवीस वर्षं होती. जुनी कॅसेटवर, नंतरची मोबाइलच्या कार्डांवर. प्रत्येकीला चिठ्ठी लावलेली: गाव, तारीख, नवरीचं नाव.

"एवढ्या लग्नांला गेलतात तुमी?" प्रविणने विचारलं.

"कुणी बोलवलं न्हाई, तरी गेलतो. एकदा तुमच्या बँडची गाडी हितं पंक्चर झालती. टायर होईस्तोवर तुझ्या बापानं इथंच उभं राहून वाजवलं. तवापासून लग्न कुणाचंबी असो, मी हायच."

प्रविण एका जुन्या टायरवर बसला होता. मांडीवर बापाचं क्लॅरोनेट. बाप, म्हणजे बँडचे धर्मराज मास्तर, जाऊन सहा महिने झाले होते आणि उद्या शिरूर कासारला प्रविणच्या नावावरची बँडची पहिली सुपारी होती. नवरीच्या वडिलांनी सुपारी देतानाच बजावलं होतं, पाठवणीला मास्तरांचीच धून पाहिजे, तशीच्या तशी. ती जमली तर लोक पुढच्या लग्नांना बँड सांगतील. नाही जमली, तर डीजे होतेच.

"बापाकडून शिकला न्हाईस कावून?"

"बाकी सगळं शिकवलं त्यांनी. पाठवणी तेवढी स्वतःच वाजवायचे."

"मग कान दे." बंकटने मोबाइलमध्ये मागच्या वर्षीचं कार्ड घातलं.

क्लॅरोनेट हळूहळू वर चढत गेलं आणि शेवटच्या ओळीच्या तोंडाशी एकदम थांबलं. मांडवातली सगळी गडबडही थांबली. त्या शांततेत एका बाईचा हुंदका स्वच्छ ऐकू आला. मग शेवटची ओळ आली.

"ऐकलंस? ती नवरीची आई," बंकट म्हणाला. "कुटंबी जा, आई त्याच जागेला रडती. वाजवणारे ढिगानं हायत बे. असं थांबणारा एकच होता. चार मात्रा थांबायचं. मी मोजलंय."

प्रविण क्लॅरोनेटच्या चाव्यांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "काका, सगळ्यात जुनी कोणती? ती लावा की."

जुन्या कॅसेट बंकट कधी लावत नसे. फीत झिजेल म्हणून नुसत्या पुसून ठेवायचा. पण मास्तरांच्या पोराने मागितली म्हणून त्याने टेपरेकॉर्डर खाली काढला.

फीत खरखरली. क्लॅरोनेट वर चढलं, आणि कुठेही न अडता थेट शेवटच्या ओळीत उतरलं.

"फीत सरकली असंल," बंकट म्हणाला. मागे घेऊन पुन्हा लावली. पुन्हा तसंच.

मग पुढच्या लावा म्हणून प्रविणने सांगायची गरज राहिली नाही. पेटीत पाठवण्या अकरा होत्या. बंकटने चिठ्ठ्या बघून त्या वर्षांच्या क्रमाने मांडल्या आणि एकेक लावत गेला. पहिल्या चार सरळ. पाचवीत त्या जागी जरासं अडखळल्यासारखं, घोट गिळावा एवढंच. सातवीत एक मात्रा. नववीत दोन. दहावीत तीन. शेवटच्या कार्डाला त्याने हात लावला नाही.

"दमा होता," प्रविण हळूच म्हणाला. "त्या जागेला श्वास पुरायचा न्हाई."

बंकटने पेटीचं झाकण लावलं. "आन् मी येडा गावोगाव सांगत फिरलो. त्यांच्या तोंडावर बोललो, मास्तर, काय थांबता राव! माणसाचा जीव चालला होता आन् मी वाहवा देत होतो. लई लाज वाटायली बे."

"नेकनूरच्या लग्नात बोललात ते. माहीत हाय मला." प्रविणला किंचित हसू आलं. "त्याच्या आदल्या रात्री आईला म्हणत होते, आता क्लॅरोनेट खुंटीला टांगतो, लोक हसायच्या आत. नेकनूरहून आले ते हसतच. म्हणाले, आता दम लागला तरी फिकीर न्हाई, बंकटला आवडतंय. त्याच्यावर पाच वर्षं वाजवलं की त्यांनी."

बाहेर एका ट्रकवाल्याने हवेसाठी हॉर्न दिला. बंकट उठला नाही.

"मग सांगा काका," प्रविण म्हणाला, "उद्या कशी वाजवू?"

"तुझ्या छातीत दम हाय. पहिल्या कॅसेटसारखी वाजव. मास्तरांची खरी तीच."

प्रविण उभा राहिला. क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती ओली केली, छाती भरून घेतली आणि वाजवायला लागला. सूर वर चढले, बापाच्या सुरांइतकेच गोड, त्याच्याहून भरीव. त्या जागेला आला आणि न थांबता शेवटच्या ओळीत उतरला. कुठे चूक नव्हती. हॉर्न वाजवणारा ट्रकवाला दाराशी येऊन ऐकत होता, तोही मान डोलावून "वा" म्हणाला.

"जमली?"

"जमली. एकदम बरोबर हाय." बंकटने पुन्हा पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण पोरा, अशी वाजवलीस तर नवरीच्या आईनं रडायचं कधी?"