पहिली डबी

कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत बिर्गिट्टेने हाडाची काडं करून एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, अँटिबॉडीला असं जोडलं, की ते थेट स्नायूंत जाऊन पोचायचं. स्नायू झिजत जाणाऱ्या मुलांसाठी ते औषध होतं. पाय ओढत चालणारे उंदीर त्याने चक्क पळायला लागले.

"मूठभर पोरं ती! विकायचं कुणाला?" असं म्हणून कंपनीचा मालक मोगेन्स याने काम गुंडाळलं. त्याच पेप्टाइडचं सुरकुत्या घालवणारं क्रीम मात्र त्याने थाटामाटात बाजारात आणलं.

समारंभात त्याने पहिली डबी बिर्गिट्टेपुढे धरली. "लाव गं, कपाळावर केवढ्या आठ्या पडल्यात तुझ्या!" सगळे खो खो हसले.

बिर्गिट्टेने डबी त्याच्याच हातात कोंबली.


"तूच थाप. त्या पोरांच्या आयांना तोंड दाखवायचंय तुला."