वाटीचा रकाना

"पीठ टिकत नाही. घर नापास," पिठाचा डबा म्हणाला.

केराबाईंनी त्याच्या झाकणावर चापट मारली. "गप रे मेल्या! माझंच पीठ पोटात ठेवतोस आणि माझीच चहाडी करतोस?"

संस्थेची कार्यकर्ती प्रणिता हसली नाही. वस्तीतल्या प्रत्येक घरात संस्थेचा असा डबा होता. तो रोज पीठ तोलायचा आणि घर सुधारतंय का ते कळवायचा. तीन महिने नापास झालेल्या घराला संस्थेने दिलेलं शिलाई मशीन काढून दुसरीकडे द्यायचे. केराबाईंचा हा तिसरा महिना होता.

"मावशी, माणसं तीन. एवढं पीठ जातं कुठे?"

तेवढ्यात शेजारची हौसा वाटी घेऊन दारात आली. "केराक्का, जरा उसनं दे गं."

केराबाईंनी वाटी शिगोशीग भरली.

"पुन्हा कमी," डबा म्हणाला.

प्रणिता त्याच्याकडे वळली. "दोन वर्षांपूर्वी, मशीन आलं तेव्हा, काय होतं?"

"तेव्हा रोज एक वाटी उसनी आत यायची. आता तीन बाहेर जातात."

"मग हे कधी बोलला नाहीस?"

"त्याला रकाना नाही."

प्रणिताने तिथल्या तिथे टॅबवर नवा रकाना उघडला: उसनं दिलं.

"घर पास," डबा म्हणाला.

हौसा मात्र वाटीकडे बघत राहिली. "म्हणजे नापास मीच की!"

"मशीन राहिलं ना इथं," केराबाई म्हणाल्या. "दुपारी येत जा. शिवायला शिकवते."

डबा गप्प राहिला. शिकवण्याला अजून रकाना नव्हता.