वाढलं

“औषध वाढलं, साहेब,” सरुबाई म्हणाली.

तुंगार्लीच्या दवाखान्यातल्या पारशी डॉक्टरनं लिहिता लिहिता मान वर केली. सोळा दिवसांपूर्वी ही बाई कुसगावहून नवऱ्याला बैलगाडीत घालून आली होती. महिपतीनं तीस वर्षांची अफू एकाएकी तोडली होती. त्यापायी पोटऱ्यांत वांब येत होते, पोटात अन्न ठरत नव्हतं, डोळ्याला डोळा लागत नव्हता. ते सोसता यावं म्हणून डॉक्टरनं स्वतःच्या हातानं औषध करून दिलं होतं. बाटलीला खाचांची कागदी पट्टी चिकटवून बजावलं होतं, सकाळी एक खाच, रात्री एक, वर थेंब नाही.

“कोणाला विचारून?” त्यानं विचारलं.

सरुबाईला हसूच आलं. “इचारायचं काय त्यात? आपसूक वाढलं.”

सरुबाईच्या घरात कधी काही संपत नसे. मीठ वाढायचं, तेल वाढायचं, कुंकू वाढायचं. संपलं म्हटलं की खरंच संपतं, हे तिच्या आईनं तिला लहानपणीच शिकवलेलं. मग घरात माणूस आजारी असताना ती औषधाला संपलं म्हणते होय! डॉक्टर बिचारा मुंबईचा. मराठी छान बोलायचा, पण ती तो पुस्तकातून शिकला होता, चुलीपाशी बसून नव्हे. त्यात रोजची साठ-सत्तर माणसं. कोणाची बाटली किती दिवसांची, हे त्याच्या ध्यानात तरी कुठून राहणार?

तो चिडला. अफू सोडून औषधाच्या नादी लागलेले त्यानं पुष्कळ पाहिले होते. “आपल्या मनानं वाढवायला हा काय भात आहे, बाई? दोन दिवस एक थेंब देऊ नको. मग बघू.” आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

रिकामं भांडं उघड्यावर नेऊ नये म्हणून तिनं बाटली पदराखाली झाकून आणली होती. ती बाहेर काढायची वेळच आली नाही. शिकलेला माणूस दोन दिवस थांब म्हणतोय, त्यात काहीतरी असेलच, असं मनाशी म्हणत ती आल्या पावली परतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी महिपती घोंगडीचं टोक दातांत धरून पडला होता. तो अफूच्या गुंगीत असताना मांडीवरचा नातू चुलीकडे घरंगळला, त्या दिवशी त्यानं आपणहून डबी इंद्रायणीत भिरकावली होती. औषधानं त्याला चांगला उतार पडला होता. पेज पचत होती. कालपरवा तर नातवाला पुन्हा मांडीवर घेऊन बसला होता. आणि आता अंगाची नुसती तडफड चालली होती.

“काय बी दे, सरू,” तो म्हणाला. “औषध मिळंस्तवर. मग न्हाई मागनार.”

उतरंडीच्या तळच्या गाडग्यात तिनं अफूचा एक खडा लपवून ठेवला होता. बाईमाणूस कशाचाही शेवटचा तुकडा टाकत नाही. तिनं तो काढला आणि नेहमीएवढी गोळी करून त्याच्या हातावर ठेवली. सोळा दिवसांत अंगाची सवय मोडलेली असते, नेहमीची गोळी आता नेहमीची राहत नाही, हे तिला सांगणारं कोण होतं?

महिपतीला गाढ झोप लागली. तिला इतकं बरं वाटलं की त्याची झोपमोड नको म्हणून तिनं अंगणातल्या कोंबड्यासुद्धा हुसकल्या. दिवेलागणीला नातू त्याच्या छातीवर चढून बसला, तरी तो उठला नाही.

तेरावं झाल्यावर सरुबाई दवाखान्याची बाटली परत करायला गेली. डॉक्टर खुशीत होता. इतके दिवस आली नाहीस तेव्हाच मी ओळखलं, म्हणाला, गडी बरा झाला. त्यानं बाटली उजेडात धरली. आत थेंब नव्हता.

“ही कधी रिकामी झाली?”

“मी आलते तवाच की. सांगितलं न्हवं का, वाढलं म्हनून.”

डॉक्टरनं बाटली हळूच खाली ठेवली. “आणि महिपती?”

सरुबाईनं पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. मनगटं उघडी होती. एवढं होऊनही तिच्या जिभेचं वळण गेलं नव्हतं.

“बांगड्या वाढल्या, साहेब.”

या खेपेला डॉक्टरला शब्द कळला.