पांढरे ठिपके

मॅडमनी इनक्युबेटरचं दार उघडलं आणि सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. पहिली प्लेट काचेसारखी स्वच्छ होती. दुसरीवर मोहरीएवढे पांढरे ठिपके दाटीवाटीनं उठले होते.

"दोन्हींत तेच जीवाणू, तेच औषध," मॅडम म्हणाल्या. "मग तिथले मेले आणि इथले जगले, ते का?"

"इथल्यांना काल आपण डीएनएची रिंग दिली," कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. त्या रिंगेत औषध तोडून टाकणारा जनुक आहे. ज्यानं ती आत घेतली, तो वाचला."

टाळ्या पडल्या, फोन बाहेर निघाले. एक मुलगी मात्र प्लेटच्या झाकणावरचं औषधाचं नाव वाचत राहिली. अँपिसिलिन. दवाखान्यात बाबांच्या उशाशी टांगलेल्या बाटलीवर हाच शब्द ती रोज बघत होती. पायाला फावडं लागल्याचं निमित्त झालं. जखम बोटभर, पण पाय सुजत चालला होता आणि ताप हटत नव्हता.

"मॅडम, हा जनुक आपण बनवला?"

"छे गं. तो होताच. आपण फक्त उचलून रिंगेत बसवला."

"म्हणजे बाहेरच्या जंतूंकडेही असतो?"

"असतो की. एकमेकांना देतातही. शेजारणीनं विरजण द्यावं तसं."

वर्ग हसला. तिनं मात्र लगेच पुढचं विचारलं.

"मग दुसरं औषध द्यायचं ना?"

"द्यायचं. पण कधी कधी त्याच रिंगेत त्याचाही जनुक..." मॅडम तिचा चेहरा बघून थांबल्या. "काय झालं गं? हे आपले निरुपद्रवी आहेत. घाबरू नकोस."

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. हातमोजे काढून ती बाहेर आली. आईचा फोन होता.

"अगं, ते अँपि का काय ते बंद केलं. चालत नाहीये म्हणतात. कालपासूनचं दुसरंही नाही. आता तिसरं मागवलंय. सूज गुडघ्याच्या वर गेली गं." आईनं श्वास घेतला. "तू यातलंच शिकतेस ना? तिसरं लागू पडेल ना?"

तिनं भिंतीला हात टेकला.

"पडेल, आई."

"नक्की?"

"हो."

"थांब, यांना बोलायचंय. केव्हापासून फोन दे म्हणतायत."

आधी नुसताच धापेचा आवाज आला. मग बाबा बोलले. सगळा जन्म बागेत माळीकाम केलेला माणूस, तापातही त्याच बोलीत बोलत होता.

"काय गं, काल काहीतरी पेरलंय म्हणालीस. उगवलं का?"

दाराच्या काचेतून तिला आत दिसत होतं. मैत्रिणी प्लेट उजेडात धरून एकमेकींना ठिपके दाखवत होत्या.

"उगवलं, बाबा."

"भरपूर?"

"भरपूर."

"शाब्बास," बाबा म्हणाले. "हाताला गुण आहे तुझ्या."