वी म्हणजे कोण?

"सर, वी म्हणजे आम्ही, का आपण?"

सहावीचा अख्खा वर्ग फिसकन हसला. प्रिस्किला मात्र उभीच राहिली. तीन महिन्यांत पोरीने वर्गात पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तेही असलं काहीतरी विचारायला!

तिचे आईबाप नवापूरच्या डोंगरातून कोरीटला मिरची तोडायला आले, आणि ती या शाळेत आली. घरी मावची, वर्गात मराठी, मैदानात अहिराणी. तिन्ही भाषा तिला कळायच्या, बोलायला मात्र कुणी नव्हतं. तेही तिने सोसलं असतं. पण दुपारची खिचडी काही केल्या घशाखाली उतरायची नाही. निंबाखाली वर्गातली तेजल आणि तिच्या चार मैत्रिणी गोल करून बसत. पहिल्याच दिवशी प्रिस्किला ताटली घेऊन तिथे गेली, तर तेजल म्हणाली, "आठे आम्हू बसतस."

इथे आम्ही बसतो. आम्हू! म्हणजे बोलणारे धरून, ऐकणारी सोडून. तेव्हापासून ती पाण्याच्या टाकीशी एकटी जेवायची. घरी आईने विचारलं की सांगायची, मैत्रिणींबरोबर जेवले. मग तोंड फिरवून डोळे पुसायची.

ललित सरांनी फळ्यावरच्या सर्वनामांकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "दोन्ही गं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द."

"म्हणजे ऐकणारा आत का बाहेर, ते कळतच नाही?"

"नाही बुवा कळत."

घ्या! एवढी साहेबाची भाषा, आणि हे एवढंसं तिला सांगता येऊ नये? पोरं पुन्हा हसली. प्रिस्किला खाली बसली आणि वहीत 'वी' हा शब्द तिने चार वेळा लिहिला.

सुट्टी झाली. खिचडी घेऊन ती टाकीकडे वळलीच नाही, थेट निंबाखाली गेली. गोलातल्या पोरी बोलायच्या थांबल्या.

"वी ईट खिचडी," ती म्हणाली.

तेजलने मान वर केली. "आम्हू, का आपन?"

"इंग्रजीत ते कळत नाही ना," प्रिस्किलाचा आवाज चिरकला. "तूच सांग."

तेजलने एकदा तिच्या ताटलीकडे पाहिलं, एकदा तिच्या तोंडाकडे. मग शेजारणीला कोपराने ढोसलं.

"सरक व जराशी. आपनी खिचडी थंडी व्हई ऱ्हायनी."